काढ्याचा दावा नेमका कोणता?

पुण्यात विषाणूंवर संशोधन सुरू झालं ते १९५२ साली. आयसीएमआर आणि अमेरिकेतलं रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून इथे विषाणू संशोधन केंद्र काढलं. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणजे एनआयव्ही या नावाने ओळखलं जातं. रास्ता पेठेतलं टिळक आयुर्वेद महाविद्यालय त्याहून जुनं, १९३३ चं. एकाच शहरात, थोड्या किलोमीटरच्या अंतराने, एका ठिकाणी विषाणू वाढवून तपासले जातात आणि दुसऱ्या ठिकाणी वनस्पतींचे गुणधर्म शिकवले जातात. एखादी साथ आली की दोन्हीकडचे जाणकार एकाच प्रश्नावर बोलू लागतात: आपल्या वनस्पतींत विषाणूंवरचं औषध आहे का?

खालचा संवाद कल्पित आहे. वहिनी सदाशिव पेठेत अनेक वर्षं रुग्ण पाहणाऱ्या वैद्य आहेत. भाऊजी त्यांचे धाकटे दीर, विषाणूंच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. बोलणारे कल्पित असले तरी त्यांच्या बोलण्यात येणाऱ्या संस्था, चाचण्या आणि आकडे खरे आहेत.

पपईचं पान

वहिनी : भाऊजी, समोरच्या बिऱ्हाडातल्या मुलाला डेंग्यू निघालाय. पपईच्या पानांचा रस द्यायचा का, म्हणून त्याची आई विचारायला आली होती. तुम्ही तिला जिन्यातच सांगून मोकळे झालात म्हणे, ‘काही उपयोग नाही’ असं.

भाऊजी : सांगितलं खरं. वहिनी, डेंग्यूचा विषाणू मारणारं औषध आज जगात कुठल्याच दुकानात मिळत नाही. ते पपईच्या पानात असतं, तर औषध कंपन्यांनी आतापर्यंत बागा विकत घेतल्या असत्या.

वहिनी : विषाणू मरतो असं मी म्हटलंच नाही. प्लेटलेट वाढतात, एवढंच म्हणते. मलेशियात २२८ रुग्णांवर चाचणी झाली, २०१३ साली छापून आली. रस घेतलेल्यांच्या प्लेटलेट जास्त वाढल्या होत्या. ती तुमच्याच पद्धतीची चाचणी होती, चिठ्ठ्या टाकून दोन गट केलेली.

भाऊजी : ती मी वाचली आहे. पण डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुतेक वेळा रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपून रक्तदाब कोसळल्यामुळे, आणि तोही ताप उतरतो त्या सुमारास. प्लेटलेट त्यानंतर आपणहूनच चढायला लागतात. रसाने त्या जरा आधी चढल्या असं मानलं तरी झिरपणं थांबलं का, मुलगा दवाखान्यातून लवकर घरी आला का, याचं उत्तर त्या आकड्यात मिळत नाही.

वहिनी : म्हणजे जिन्यात तुम्ही वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर दिलंत. त्या बाईने विषाणूबद्दल विचारलंच नव्हतं.

भाऊजी : हे मात्र कबूल. इथे तीन वेगवेगळे दावे एकमेकांत मिसळतात. पहिला दावा, वनस्पती विषाणूला थेट थांबवते. दुसरा, रुग्णाला लवकर बरं वाटतं. तिसरा, रक्तातला एखादा आकडा सुधारतो. पुरावा तिसऱ्याचा दाखवायचा आणि जाहिरातीत पहिला छापायचा, असा हा धंदा आहे.

वहिनी : आणि पहिल्याचा पुरावा नाही म्हणून दुसराही खोटा, असं सांगणारे तुमचे लोक. तेही मोजा.

काचेतला विजय

भाऊजी : मोजतो. पण पहिल्या दाव्याचं बघा. आठवड्याला एखादा तरी शोधनिबंध येतो, ‘अमुक वनस्पतीच्या अर्कात विषाणूविरोधी गुण’. काय केलेलं असतं? माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशी काचेच्या ताटलीत ठेवायच्या, त्यांच्यावर विषाणू सोडायचा, वर अर्क घालायचा. विषाणू वाढला नाही की झाला निबंध. पण अर्क कडक असेल तर पेशीच मरतात, आणि मेलेल्या पेशीत विषाणू वाढणार कसा? म्हणून दोन मात्रा मोजाव्या लागतात. एक, निम्मा विषाणू थांबवणारी, आणि दुसरी, निम्म्या पेशी मारणारी. दोन्हींत भरपूर अंतर असेल तरच पुढे जाण्यात अर्थ.

वहिनी : आणि अंतर असलं तर?

भाऊजी : तरी सांभाळून. हिरडा, बाभूळ, डाळिंबाची साल यांत टॅनिन असतात. ती समोर येईल त्या प्रथिनाला चिकटतात. ताटलीत ती जवळजवळ प्रत्येक विषाणूवर ‘गुणकारी’ ठरतात, पोटात गेल्यावर मात्र रक्तापर्यंत पोचत नाहीत. हळदीतल्या कुर्क्युमिनची तीच कथा. रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटाने २०१७ मध्ये त्यावरच्या कामाचा आढावा घेतला. माणसांवरच्या १२० हून जास्त चाचण्या झालेल्या होत्या, पण कसोटीला पुरेपूर उतरलेली एकही नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. हळद फोडणीत घालावी, जखमेवर लावावी, माझी काही तक्रार नाही.

वहिनी : आता माझी तक्रार ऐका. ताटलीतल्या पेशीला औषध द्या असं कुठल्या ग्रंथात सांगितलंय? आमच्याकडे स्वरस, कल्क, क्वाथ, हिम, फांट अशा पाच कल्पना आहेत. कुठली वनस्पती कशी घ्यायची, कशाबरोबर, कोणत्या ऋतूत, कोणाला, हे सगळं ठरलेलं. तुमचे संशोधक पान घेतात, अल्कोहोलमध्ये बुडवतात आणि जे निघेल त्याला वनस्पतीचं नाव देतात. चीनच्या तू यूयू यांचं उदाहरण तुम्हीच सांगायचात. जुन्या ग्रंथात ती वनस्पती पाण्यात भिजवून पिळायला सांगितली होती, उकळायला नव्हे. ते नीट वाचलं म्हणून कमी उष्णतेत अर्क काढला आणि मलेरियाचं औषध हाती लागलं. २०१५ चं नोबेल त्या वाचनाचंही आहे.

भाऊजी : मान्य, शंभर टक्के. पण त्यांनी ग्रंथ वाचून काम थांबवलं नाही. तो अर्क आधी स्वतःवर घेऊन पाहिला, मग रुग्णांवर तपासला आणि त्यातला एकच रेणू वेगळा काढला.

नायडू रुग्णालयाच्या रांगेतलं औषध

वहिनी : मग २००९ आठवा. स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला. नायडू रुग्णालयाबाहेर रांगा, प्रत्येकाच्या तोंडाला रुमाल. ज्या टॅमिफ्लूकडे सगळे डोळे लावून बसले होते, ती आली कुठून? चक्रीफुलातून. आपल्या गोड्या मसाल्यातल्या!

भाऊजी : हे अर्धंच खरं आहे, वहिनी, आणि राहिलेलं अर्धं जास्त महत्त्वाचं. चक्रीफुलात शिकिमिक आम्ल असतं. ते स्वतः इन्फ्लुएन्झाच्या विषाणूचं काहीही बिघडवत नाही. शास्त्रज्ञांनी आधी विषाणूच्या एका विकराची रचना पाहिली, त्याच्या खाचेत बसेल असा रेणू आखला, आणि तो बनवायला सोयीचा कच्चा माल म्हणून शिकिमिक आम्ल घेतलं. त्यावर एकामागून एक रासायनिक प्रक्रिया केल्या तेव्हा औषध तयार झालं. पुढे तेच आम्ल जिवाणूंकडून किण्वनाने मिळवायला लागले. वनस्पतीने माल पुरवला, कल्पना नाही. चक्रीफूल चघळून फ्लू जात नाही.

वहिनी : असं एकही औषध दाखवाल का, की ज्यात वनस्पतीचा अर्क जसाच्या तसा आहे आणि विषाणूच्या आजारावर तुमच्या नियामकाने तो मान्य केलाय?

भाऊजी : दाखवतो. ग्रीन टीच्या पानांच्या अर्काचं मलम. अमेरिकेच्या एफडीएने २००६ मध्ये मान्य केलं. वनस्पतिजन्य म्हणून मंजूर झालेलं तिथलं ते पहिलंच प्रिस्क्रिप्शनचं औषध. एचपीव्ही या विषाणूमुळे जननेंद्रियांवर मस येतात, त्यांवर बाहेरून लावायचं. पण ते नेमकं कसं काम करतं हे कळलेलं नाही, असं कंपनीचं माहितीपत्रकच सांगतं. मस जातात हे चाचणीत दिसलं, तेवढ्यावर परवानगी मिळाली.

वहिनी : म्हणजे तुमच्याच लोकांनी दुसरा दावा तपासला, पहिला बाजूला ठेवला, आणि औषध मान्य झालं! मग आमच्याकडूनच ‘कसं काम करतं ते आधी सांगा’ हा हट्ट का?

भाऊजी : तो हट्ट नसावा, हे बरोबर. काम करतं का, एवढं दाखवलं तरी पुरे. पण ते दाखवावं लागतं.

भुईआवळीची परीक्षा

वहिनी : आम्ही दाखवलं होतं. कावीळ आणि भुईआवळी हे घराघरात माहीत असलेलं नातं. मद्रासच्या डॉ. त्यागराजन यांनी हेपटायटिस बी चा विषाणू अंगात बाळगणाऱ्यांना भुईआवळीची पावडर महिनाभर दिली. सोबत काम करत होते बरूक ब्लमबर्ग, ज्यांना त्याच विषाणूच्या शोधाबद्दल नोबेल मिळालं ते. १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’ने निकाल छापला. औषध घेतलेल्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली, औषध नसलेली नुसती पूड घेतलेल्या २३ पैकी फक्त एकाची. यात तर पहिलाच दावा होता!

भाऊजी : तो निकाल आला तेव्हा आम्हीही चकित झालो होतो. पण पुढे थायलंडमध्ये करून पाहिलं, इतर देशांत करून पाहिलं, तसा परिणाम दिसला नाही. २०११ मध्ये सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, आणि औषध नसलेल्या पुडीपेक्षा भुईआवळी सरस आहे असं म्हणायला भरवशाचा पुरावा नाही, असा निर्णय आला.

वहिनी : सगळीकडे वनस्पती एकच होती का? बाजारात भुईआवळी म्हणून तीन-चार जाती येतात, दिसायला सारख्या. कुठे उगवली, पावसाळ्यात काढली की नंतर, सावलीत वाळवली की उन्हात, यावर गुण बदलतो. तुम्ही गोळी मोजता, रोपटं मोजत नाही.

भाऊजी : हा मुद्दा मी खोडू शकत नाही. पण त्याची दुसरी बाजूही घ्या. रोपट्यागणिक गुण बदलत असेल, तर दुकानातून आणलेल्या पुडीवर कावीळ झालेला माणूस विसंबणार कसा? हेपटायटिस बी ची लस तर आधीच आली होती, दरम्यान विषाणू दाबून ठेवणाऱ्या गोळ्याही आल्या. भुईआवळीची वाट बघत त्या टाळल्या आणि यकृत गेलं, तर त्याची भरपाई कोण देणार?

गुळवेल

वहिनी : रोपट्याचं म्हणाल तर गुळवेलीबद्दल मलाच बोलायचंय. २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने काढा सांगितला: चार भाग तुळस, दोन दालचिनी, दोन सुंठ, एक मिरी. साधा, घरगुती. पण लोक तेवढ्यावर थांबले नाहीत. गच्चीतल्या कुंडीत, कुंपणावर, रस्त्याकडेच्या झाडावर जो वेल हृदयासारख्या पानांचा दिसेल तो गुळवेल. बोटभर कांड घ्यायचं की हातभर, याला धरबंध नाही. महिनोन्महिने, वैद्याला न विचारता.

भाऊजी : त्याचा परिणाम मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये नोंदवला. गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झालेली. मंत्रालयाने सांगितलं, दुसऱ्या जातीशी गल्लत झाली असणार. पुढच्या वर्षी देशभरातल्या केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची नोंद केली. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच यकृतावर उलटते, तशा प्रकारची सूज बऱ्याच जणांत दिसली.

वहिनी : गल्लत होते, हे खोटं नाही. घाटातल्या एका जातीच्या पानाला लव असते, खऱ्या गुळवेलीचं पान गुळगुळीत. तिसरीच्या खोडावर फोड असतात. काष्ठौषधीच्या दुकानात वाळलेले तुकडे हातात आले की पानंही नसतात आणि ओळखही नसते. आघारकर संशोधन संस्थेत वनस्पतींची आणि सुक्या औषधी द्रव्यांची ओळख पटवून देतात, पण तिथे नमुना घेऊन जाणारे किती?

भाऊजी : सगळा दोष ओळखीवर ढकलू नका, वहिनी. पुण्याच्याच डॉ. अरविंद चोप्रांनी गुडघेदुखीवर मोठी चाचणी केली होती. ४४० रुग्ण, २४ आठवडे, गुळवेल, सुंठ, आवळा आणि शल्लकी यांच्या अर्कांचं औषध. तुलनेला ग्लुकोसामीन आणि सेलेकॉक्सिब ही औषधं. २०१३ मध्ये निकाल आला: आयुर्वेदाचं औषध त्या दोघांच्या बरोबरीचं ठरलं.

वहिनी : माहीत आहे मला. अभिमानाची गोष्ट आहे.

भाऊजी : त्याच निबंधात पुढे लिहिलंय की आयुर्वेदाच्या औषधावरच्या काही जणांच्या रक्तात यकृताचं एक विकर, एसजीपीटी, वाढलं. त्रास कोणालाच जाणवला नव्हता. औषध बंद केल्यावर ते पूर्ववत झालं. तिथे वनस्पती ओळखलेली होती, मात्रा ठरलेली होती, रक्त नियमित तपासलं जात होतं, म्हणून ते कळलं. करोनाच्या सात-आठ वर्षं आधी पुण्यातल्या संशोधनाने ही सूचना देऊन ठेवली होती.

वहिनी : (जरा थांबून) यातून मी एक घेते. चाचणी केल्याने आयुर्वेदाचं नुकसान झालं नाही. गुण सिद्ध झाला आणि धोकाही हाती आला. चाचणी झाली नसती तर दोन्ही अंधारात राहिले असते.

सातवीण

भाऊजी : आणि मी एक देतो. आयुष-६४. १९८० मध्ये मलेरियासाठी तयार झालेली गोळी: सातवीण, कुटकी, काडेचिराईत आणि सागरगोटा. करोनात तिची चाचणी झाली, लखनौ, वर्धा आणि मुंबईत मिळून १४० रुग्णांवर. तिची सूत्रं पुण्याहून डॉ. चोप्राच हलवत होते, आणि देशपातळीवरच्या कृतिगटाचे प्रमुख आपल्या विद्यापीठाचे डॉ. भूषण पटवर्धन. नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून गोळी दिली. सौम्य ते मध्यम आजाराचे रुग्ण थोडे लवकर बरे झाले.

वहिनी : सातवीण फुलली की डोकं दुखतं म्हणून तक्रार करणाऱ्या पुणेकरांना हे सांगायला हवं!

भाऊजी : सांगा. पण हेही सांगा की ती चाचणी लहान होती, आणि कोणाला गोळी मिळतेय हे रुग्णालाही माहीत होतं आणि डॉक्टरलाही. ‘मला बरं वाटतंय’ हे मोजताना अशा माहितीने फरक पडतो. शिवाय तपासलं होतं ते रुग्णाचं बरं होणं. बातम्यांत मात्र ते ‘करोनावर औषध’ झालं.

वहिनी : पुन्हा तेच, दुसऱ्या दाव्याच्या अंगावर पहिल्याचा अंगरखा. चाचणी करणाऱ्यांनी तो घातला नव्हता.

भाऊजी : नव्हता. म्हणूनच मी त्यांना मानतो.

वहिनी : मग पुढची दिशाही माना. सर्पगंधेचं काय झालं? मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी रक्तदाबाच्या रुग्णांना मुळी दिली, १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये लिहिलं. रेसर्पिन हा रेणू वेगळा निघाला त्यानंतर, १९५२ मध्ये. आधी माणूस, मग रेणू. ज्याचा वापर शेकडो वर्षं होत आलाय त्याला ताटलीपासून सुरुवात करायला लावू नका. आधी रुग्णांत नीट नोंदी ठेवून पाहा, गुण दिसला तर मग कारण शोधा.

भाऊजी : वापर जुना असेल तिथे मला ते मान्य. पण नव्या विषाणूवर जुना वापर नसतो. दोडामार्गला २०१६ मध्ये काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना माकडतापाने गाठलं. तो विषाणू पुण्याच्याच केंद्राने १९५७ मध्ये कर्नाटकात शोधलेला. त्यावर आजही नेमकं औषध नाही. अशा ठिकाणी ताटलीपासूनच चढावं लागतं, आणि धीर लागतो. नंदुरबारचे मनसुख वाणी अमेरिकेत मन्रो वॉल यांच्यासोबत काम करत होते. ज्या सरकारी मोहिमेत ते होते, तिने वनस्पतींचे लाखाहून जास्त अर्क तपासले. त्यातून कर्करोगावरची जी मोठी औषधं हाती आली ती मोजकीच, टॅक्सॉल आणि कॅम्पटोथेसिनपासून बनलेली.

वहिनी : आणि कॅम्पटोथेसिन आपल्या घाटातल्या नरक्यात सापडतं हे कळल्यावर काय झालं? कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या जंगलातून नरक्या ओरबाडला गेला. वनखातं चोरटी लाकडं पकडत राहिलं, झाड दुर्मीळ होत गेलं. उद्या एखाद्या वनस्पतीत खरंच विषाणूवरचं औषध सापडलं, तर तिची लागवड आधी करा, जाहिरात नंतर.

भाऊजी : यावर आपलं भांडण नाही.

वहिनी : आणि समोरच्या मुलाचं?

भाऊजी : पाणी, पेज, सरबत भरपूर. तापाला पॅरासिटामोल, इतर वेदनाशामक नकोत. पोट दुखायला लागलं, उलट्या थांबेनात, कुठून रक्त आलं किंवा मूल मलूल झालं, तर रात्र असली तरी दवाखाना. ताप उतरला की निर्धास्त होऊ नका, खरी काळजी तेव्हाच.

वहिनी : मीही हेच सांगितलंय. वर एवढंच म्हटलं, की रस द्यायचाच असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका, आणि रस दिला म्हणून रक्ततपासणी चुकवू नका.

*

या दोघांचं पटलं कुठे आणि राहिलं कुठे, हे वाचकाला दिसलंच आहे. लेखकाचं मत असं: वनस्पतींत विषाणूंवरची औषधं असू शकतात, ही शक्यता खरी आहे आणि ती शोधण्यासाठी पुण्याइतकी तयारी असलेली शहरं देशात थोडी आहेत. इथे विषाणू ओळखणारे आहेत, वनस्पती ओळखणारे आहेत, रुग्ण पाहणारे वैद्य आहेत आणि चाचणी कशी करावी हे जाणणारे डॉक्टरही आहेत. पण शक्यतेला औषध म्हणून विकणं हा वनस्पतीवर आणि रुग्णावर दोघांवरही अन्याय आहे.

म्हणून पुढची साथ येईल तेव्हा कोणत्याही काढ्याच्या, गोळीच्या किंवा पुडीच्या जाहिरातीला पहिला प्रश्न हा विचारा: हे विषाणू थांबवतं, मला लवकर बरं करतं, की फक्त एखादा आकडा सुधारतं? उत्तर मिळालं की पुढचं विचारा: हे माणसांत तपासलं का, आणि कोणाच्या तुलनेत? आणि जे काही घेत असाल, गुळवेल असो की आणखी काही, ते वैद्यांना आणि डॉक्टरांना, दोघांनाही सांगा. कावीळ, थायरॉइड किंवा यकृताचा जुना आजार असेल, तर विचारल्याशिवाय घेऊच नका.